साखरेवरचा पहारा

“पोराले मोठ्या मानसाचा आजार कसा काय झाला?” लहान मुलाच्या रक्तात साखर सापडली असं डॉक्टरांनी सांगितलं, की वऱ्हाडात आजीच्या तोंडून पहिला प्रश्न हाच निघतो. पाठोपाठ दुसरा येतो: लय गोड खाल्लं म्हणून झालं का? या दुसऱ्या प्रश्नाने आजवर कितीतरी आयांना विनाकारण अपराधी ठरवलं आहे. टाइप वन मधुमेहाचा गोड खाण्याशी संबंध नाही. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्यांचा नाश करते. मूल दहा वर्षांचं असो की दीड वर्षाचं, त्या दिवसापासून त्याला जन्मभर बाहेरून इन्सुलिन द्यावं लागतं. एक-दोन दिवसांचा खंडही जिवावर बेततो.

सुश्रुतसंहितेने प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत, जन्मतः येणारा ‘सहज’ आणि चुकीच्या आहारविहाराने होणारा ‘अपथ्यनिमित्तज’. आजच्या वर्गीकरणाशी ते तंतोतंत जुळत नाहीत. पण सगळा मधुमेह एकाच मुळाचा नाही आणि कृश रोग्याचा मधुमेह स्थूल रोग्याच्या मधुमेहाहून वेगळा आहे, हे त्या वैद्यांनी ओळखलं होतं. उपाय मात्र कुणाकडेच नव्हता. मूल पाणी पीत सुटायचं, लघवीला धावायचं, महिन्या-दोन महिन्यांत वाळून जायचं. मग एक दिवस पोटात दुखायला लागायचं, उलट्या व्हायच्या, धाप लागायची, श्वासाला पिकल्या फळासारखा वास यायचा आणि शुद्ध हरपायची. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अमेरिकेतल्या फ्रेडरिक ॲलन यांच्यासारखे डॉक्टर अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून त्यांचं आयुष्य काही महिन्यांनी वाढवत. त्या काळी वैद्यकाची धाव तेवढीच होती.

11 जानेवारी 1922 रोजी टोरांटोच्या जनरल हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या 14 वर्षांच्या मुलाला फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी तयार केलेल्या अर्काचं इंजेक्शन दिलं गेलं. मुलाचं वजन तीस किलोही नव्हतं. पहिला अर्क अशुद्ध निघाला, सुईच्या जागी गाठ आली. जेम्स कॉलिप यांनी अर्क शुद्ध केला, 23 जानेवारीला पुन्हा इंजेक्शन दिलं आणि साखर उतरली. लिओनार्ड त्यानंतर तेरा वर्षं जगला. शोधकर्त्यांनी पेटंटचे हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. हे औषध कुणाच्या मालकीचं राहू नये अशी त्यांची इच्छा होती. त्या इच्छेचं पुढे काय झालं हा वेगळा आणि क्लेशाचा विषय आहे.

त्या काळात वऱ्हाड जगाशी तुटलेला होता असं मुळीच नाही. अमरावती, अकोला, खामगावच्या बाजारांतला कापूस मुंबईमार्गे इंग्लंडच्या गिरण्यांत जात होता आणि लिव्हरपूलचा भाव इथल्या अडत्यांना ठाऊक असायचा. पण कापसाच्या वाटेने इन्सुलिन उलट दिशेला सहज आलं नाही. कलकत्ता-मुंबईच्या मोठ्या दवाखान्यांत ते काही वर्षांत पोचलं. जिल्ह्याच्या गावी मात्र ते मिळालं तर सावकाराकडे, वकिलाकडे, जमीनदाराकडे, बर्फाच्या पेटीतून. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनच्या नावाचं अमरावतीचं इस्पितळ, जे सगळा जिल्हा आजही ‘इर्विन’ म्हणूनच ओळखतो, ते नंतर उभं राहिलं. तिथे धापा टाकत आलेल्या लहान मुलाच्या बाबतीत हिवताप, निमोनिया, मेंदूज्वर असं सगळं आधी मनात यायचं. साखर तपासायचं सुचलं तर पोर वाचायचं. ज्यांच्या बाबतीत सुचलं नाही, त्यांची कुठल्याच वहीत मधुमेही म्हणून नोंद झाली नाही. या भागातल्या टाइप वनच्या इतिहासाची पहिली साठ-सत्तर वर्षं अशी बिननोंदीची आहेत, आणि त्यात मुलींच्या वाट्याला अधिक विस्मरण आलं असणार, असं मला वाटतं. कारण पुढे येईलच.

इन्सुलिन मिळालं म्हणजे झालं, असं नव्हतं. निरोगी स्वादुपिंड दर मिनिटाला रक्तातली साखर अजमावतं आणि तेवढंच इन्सुलिन सोडतं. माणसाने ते बाहेरून टोचायचं ठरवलं की प्रश्न उभा राहतो, किती आणि केव्हा. कमी पडलं तर साखर चढते, जास्त झालं तर ती घसरते. मुलाला घाम सुटतो, हात थरथरतात, ते बडबडू लागतं आणि झोपेत असेल तर आकडीही येऊ शकते. म्हणून इन्सुलिन घेणाऱ्या मुलाच्या घरात कुणीतरी अष्टौप्रहर पहाऱ्यावर असतं. बहुतेक घरांत ती आई असते.

या पहाऱ्याची पहिली साधनं आज पाहिली तर अंगावर काटा येतो. काचेची सिरिंज आणि जाड सुई रोज उकळायची. काचेच्या नळीत पाच मिलिलिटर निळं बेनेडिक्टचं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर दोन मिनिटं उकळायचं आणि रंग बघायचा. निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी, शेवटी विटेसारखा लाल. शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घरात ही नळी देवघराशेजारच्या फडताळात असे आणि मुलाची आई अक्षरशत्रू असली तरी रंगांची भाषा पक्की शिकलेली असे. पण लघवीतली साखर दोन-चार तासांपूर्वीची गोष्ट सांगते. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. म्हणजे साखर घसरतेय हे त्या नळीला कधीच कळणार नव्हतं. ते आईने मुलाच्या कपाळाला हात लावून, घाम बघून ओळखायचं.

यंत्राकडून हा पहारा करून घेण्याची कल्पना साठ वर्षांहून जुनी आहे. 1963 च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये अर्नोल्ड कॅडिश यांनी पाठीवर बांधायच्या पिशवीएवढं एक यंत्र बनवलं. ते रक्तातली साखर मोजून इन्सुलिन सोडायचं. ते घेऊन कुणी शाळेत जाईल हे शक्य नव्हतं, पण मोजणं आणि देणं एकाच साखळीत बांधता येतं हे त्याने दाखवलं. 1974 मध्ये टोरांटोच्या मुलांच्या इस्पितळात मायकल अल्बिसर आणि सहकाऱ्यांनी, आणि त्याच सुमारास जर्मनीत उल्मच्या गटाने, संगणकावर चालणारं कृत्रिम स्वादुपिंड उभं केलं. ज्या गावात इन्सुलिन सापडलं त्याच गावात, मुलांच्याच दवाखान्यात, बावन्न वर्षांनी हे घडलं. त्या दशकाच्या अखेरीस ‘बायोस्टेटर’ नावाचं यंत्र बाजारात आलं. ते कपाटासारखं रोग्याच्या पलंगाशेजारी उभं राहायचं, शिरेतून सतत रक्त ओढून मोजायचं आणि दुसऱ्या शिरेतून इन्सुलिन किंवा ग्लुकोज सोडायचं. प्रसूती, शस्त्रक्रिया, संशोधन यांपुरतं ते कामाचं होतं. दुसरी वाट लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये निघाली. 1978 मध्ये जॉन पिकअप आणि हॅरी कीन यांनी कातडीखाली सतत थोडं थोडं इन्सुलिन सोडणारा छोटा पंप वापरून दाखवला. पंप आंधळा होता, साखर किती हे त्याला दिसत नव्हतं. बायोस्टेटरला दिसत होतं, पण त्याला चालता येत नव्हतं. पुढची तीस वर्षं या दोघांची गाठ घालण्यात गेली.

तोपर्यंत एका मूलभूत प्रश्नाचं उत्तर मिळायचं होतं. साखर इतकी काटेकोर राखल्याने खरंच काही फायदा होतो का? 1983 ते 1993 अशी दहा वर्षं अमेरिका आणि कॅनडातल्या 1441 रुग्णांवर चाललेल्या अभ्यासाने उत्तर दिलं. दिवसातून अनेकदा साखर मोजून, तीन-चार इंजेक्शनं किंवा पंप वापरून ज्यांनी साखर ताब्यात ठेवली, त्यांच्यात डोळ्यांच्या पडद्याचा विकार सुरू होण्याचा धोका 76 टक्क्यांनी कमी झाला. मूत्रपिंडं आणि नसाही वाचल्या. पण त्याच अभ्यासात काटेकोर उपचार घेणाऱ्यांची साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरण्याचं प्रमाण तिपटीच्या आसपास गेलं. 1993 नंतर जगभरच्या आईबापांपुढे पेच उभा राहिला: मुलाचे डोळे वाचवायचे तर साखर खाली ठेवा, आणि साखर खाली ठेवाल तर रात्री झोपू नका. स्वयंचलित इन्सुलिनची खरी निकड या पेचातून आली.

आणि वऱ्हाड? इथे 1993 साली पेच इतका पुढारलेला नव्हता. इथे प्रश्न होता बाटलीचा.

अमरावतीहून दीडशे आणि अकोल्याहून अडीचशे किलोमीटरवर नागपुरात मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे यांच्यासमोर हा प्रश्न रोज येत होता. शेतमजुराचं, रिक्षावाल्याचं मूल निदान होऊन घरी जायचं, महिना-दोन महिने सुया चालायच्या, मग पैसे संपायचे आणि सुया थांबायच्या. मूल दवाखान्यात परत आलं तर बेशुद्ध यायचं, किंवा यायचंच नाही. 1995 मध्ये त्यांनी ‘ड्रीम ट्रस्ट’ सुरू केला. गरीब घरच्या टाइप वन मुलांना इन्सुलिन आणि सिरिंज विनामूल्य द्यायच्या, तपासणी करायची, आईवडिलांना शिकवायचं. मुलीला हा आजार झाला की घरचे हात आखडता घेतात, लग्नाच्या भीतीने आजार लपवतात, कधी उपचारच सोडून देतात, हे पेंडसे यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आणि मुलींकडे ट्रस्टने मुद्दाम लक्ष दिलं. ऑस्ट्रेलियातून 2000 च्या सुमारास उभ्या राहिलेल्या ‘लाइफ फॉर अ चाइल्ड’ या उपक्रमाशी ट्रस्ट जोडला गेला आणि विदर्भातल्या मुलांसाठी इन्सुलिनचा ओघ थोडा भरवशाचा झाला. कुठल्याही स्वयंचलित यंत्राच्या इतिहासात हे नाव सापडणार नाही. माझ्या मते ते पहिल्या पानावर हवं. यंत्रात भरायला इन्सुलिन लागतं, आणि यंत्र लावायला मूल जिवंत असावं लागतं.

महाराष्ट्रातच आणखी एक गोष्ट घडली, तिची आठवण फार कमी लोक काढतात. 2003 मध्ये वोक्हार्टने औरंगाबादच्या आपल्या प्रकल्पातून ‘वोसुलिन’ हे मानवी इन्सुलिन बाजारात आणलं. पुढच्याच वर्षी बंगलोरच्या बायोकॉनचं इन्सुलिन आलं. तोवर मानवी इन्सुलिन म्हणजे परदेशी कंपन्यांचं, असं समीकरण होतं. ते मोडलं आणि किमतीवर दाब आला. ज्या घरात महिन्याच्या बाटल्यांचा हिशेब धान्याच्या हिशेबाशी घातला जातो तिथे या दाबाला अर्थ होता.

बाटली घरी आली तरी ती टिकवायची कशी? इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. 2005 नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात बारा-बारा तास भारनियमन चालायचं. ज्यांच्याकडे फ्रीज होता त्यांचाही फ्रीज अर्धा दिवस कपाटच असायचा. आणि उन्हाळा अकोल्याचा! मे महिन्यात पारा 45-46 च्या पुढे जाणं इथे बातमी होत नाही. अशा घरांत एक जुनं शहाणपण कामी आलं. मोठ्या मडक्यात लहान मडकं ठेवायचं, मधल्या पोकळीत वाळू भरायची आणि ती ओली ठेवायची. आतल्या मडक्यात झाकणाच्या डबीत बाटली. वर ओलं फडकं. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं आणि आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच खाली राहतं. हवा जितकी कोरडी तितकं मडकं अधिक थंड, म्हणजे वऱ्हाडच्या रखरखीत मे महिन्यात ते उत्तम चालतं आणि श्रावणाच्या दमट दिवसांत कमी. हे उपाय खरोखर किती चालतात हे ग्रॅहम ओगल आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतली मडकी आणि इतर साधनं तपासून 2016 मध्ये प्रसिद्ध केलं. 2021 मध्ये जिनिव्हा विद्यापीठ आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ यांच्या अभ्यासाने दाखवलं की 25 ते 37 अंशांच्या दरम्यान चढउतार होत राहिला तरी इन्सुलिन चार आठवडे आपला गुण टिकवून ठेवतं. मडक्याशेजारी बसलेल्या आईला प्रयोगशाळेने उशिरा का होईना दुजोरा दिला.

सिरिंजचाही एक घोळ इथे सांगायलाच हवा, कारण त्याने जीव जातात. भारतात बाटलीतलं इन्सुलिन आजही मुख्यतः 40 युनिटच्या ताकदीचं मिळतं, त्याची सिरिंज लाल टोपीची. पेन आणि पंपातलं इन्सुलिन 100 युनिटचं, त्याची सिरिंज केशरी टोपीची. 100 चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने मोजलं तर मुलाच्या अंगात अडीचपट डोस जातो. गावातल्या मेडिकलवर “शुगरची सुई द्या” म्हणून मागितल्यावर कोणत्या टोपीची हातात पडते, यावर त्या रात्रीची झोप अवलंबून असते.

पंपाला डोळे मिळाले ते एकविसाव्या शतकाच्या तोंडावर. कातडीखाली केसाएवढी तार ठेवून पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजणारा पहिला सेन्सर अमेरिकेत 1999 मध्ये मान्य झाला. काही वर्षांत सेन्सर दर पाच मिनिटांनी आकडा दाखवू लागले, दिवसाला 288 आकडे. 2006 मध्ये टाइप वनसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या जेडीआरएफ या संस्थेने कृत्रिम स्वादुपिंडाचा खास प्रकल्प हाती घेतला. 2009 मध्ये साखर फार घसरली तर इन्सुलिन आपोआप थांबवणारा पंप युरोपात आला. 2010 मध्ये केंब्रिजच्या रोमन होवोर्का यांच्या गटाने पाच ते अठरा वर्षांच्या मुलांवर रात्रीपुरती पूर्ण साखळी चालवून तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. सगळं तयार दिसत होतं. तरी बाजारात काही येत नव्हतं.

मग आईबापच पुढे सरसावले. 2013 मध्ये न्यूयॉर्क राज्यातले जॉन कॉस्टिक कामावर असताना आपल्या चार-पाच वर्षांच्या मुलाची साखर बघता यावी म्हणून धडपडले आणि त्यांनी सेन्सरमधला आकडा इंटरनेटवर चढवला. त्यातून ‘नाइटस्काउट’ उभं राहिलं, म्हणजे रात्रीचा टेहळ्या. सिएटलच्या डेना लुइस यांना स्वतःला टाइप वन होता आणि सेन्सरची धोक्याची घंटा झोपेत ऐकू यायची नाही. त्यांनी आणि स्कॉट लिब्रँड यांनी आधी मोठी घंटा बनवली, मग साखरेचा अंदाज बांधणारी आज्ञावली, आणि डिसेंबर 2014 मध्ये तिला पंपच जोडून टाकला. 2015 मध्ये ही सगळी कृती त्यांनी जगासाठी खुली केली. पीट श्वाँब नावाच्या बापाने फोन आणि पंप यांच्यात निरोप पोचवणारी छोटी डबी बनवली आणि तिला मुलीचं नाव दिलं. या मंडळींना उपयोगी पडले ते जुने पंप, ज्यांच्या सुरक्षेत एक फट होती आणि त्या फटीतून बाहेरून आज्ञा देता येत होती. सप्टेंबर 2016 मध्ये अमेरिकेत पहिली कंपनीची अर्धस्वयंचलित प्रणाली, मेडट्रॉनिकची 670जी, मान्य झाली, चौदा वर्षांवरच्यांसाठी. सात ते तेरा वयोगटाला ती 2018 मध्ये खुली झाली. 2020 मध्ये केंब्रिजच्या गटाचं ॲप युरोपात एक वर्षाच्या बाळांपर्यंत पोचलं.

ही प्रणाली नेमकं काय करते हे वऱ्हाडच्या शेतकऱ्याला सांगायला सोपं आहे. रात्रीच्या लाइनवर ओलीत करणारा माणूस वाफा भरत आला की भरायच्या आधीच बारं फोडतो, कारण पाटातलं पाणी येतच राहणार असतं. आज्ञावलीला हेच करावं लागतं. कातडीखाली सोडलेलं इन्सुलिन कामाला लागायला पाव तास घेतं, तासाभराने जोर धरतं आणि तीन-चार तास चालत राहतं. सेन्सरचा आकडाही रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो. म्हणून आत्ता साखर किती आहे यापेक्षा ती कुठे चालली आहे आणि आधीचं किती इन्सुलिन अजून अंगात आहे, हे धरून दर पाच मिनिटांनी निर्णय घ्यावा लागतो. जेवणाचा वेग मात्र तिला गाठता येत नाही. म्हणून जेवणापूर्वी किती पिष्टमय पदार्थ खाणार हे सांगावंच लागतं. ती अर्धस्वयंचलित आहे ती या अर्थाने. फायदा किती? एक ते सात वर्षांच्या 74 मुलांवर केंब्रिजच्या गटाने केलेला आणि जानेवारी 2022 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की या प्रणालीमुळे साखर योग्य पट्ट्यात राहण्याचा वेळ दिवसाला सुमारे 125 मिनिटांनी वाढला, आणि साखर घसरण्याचं प्रमाण वाढलं नाही. 1993 चा पेच पहिल्यांदा सुटला.

भारतात अशा प्रणाली अलीकडच्या काही वर्षांत मिळू लागल्या. त्याआधीपासून केरळच्या डॉ. ज्योतिदेव केशवदेव यांच्यासारख्यांनी पंपांचा वापर वाढवला आणि घरी जुळवलेल्या प्रणालींचा शास्त्रीय आढावाही घेतला. पुण्यात नूपुर लालवाणी यांच्या ‘ब्लू सर्कल’ संस्थेने टाइप वन असलेल्यांना एकमेकांशी जोडलं. मुंबई-पुण्यात पंप लावून शाळेत जाणारी मुलं आज दिसतात. वऱ्हाडात काय दिसतं? बऱ्या परिस्थितीतल्या घरात दंडावर रुपयाएवढा सेन्सर दिसतो, तोही बहुधा परीक्षेच्या किंवा आजारपणाच्या दिवसांत चौदा दिवसांपुरता. एरवी बोटाला टोचायच्या पट्ट्या, आणि त्याही मोजून-मापून. पंपाची किंमत लाखांत आहे. ते पैसे एकदा कुणी उभे करीलही. पण सेन्सर, नळ्या, दर दोन-तीन दिवसांनी बदलायचा जोड हा खर्च दर महिन्याला येतो आणि तो शेतमजूर कुटुंबाच्या महिन्याच्या कमाईहून जास्त आहे. हप्ता थांबला की पंप आंधळा होतो. शिवाय पंपावरच्या मुलाच्या अंगात दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन नसतं. नळी मुडपली किंवा इन्सुलिन संपलं तर काही तासांत धाप लागू शकते. ज्या घरापासून तालुक्याचं गाव एसटीने दीड तास आहे त्या घराला हा धोका पुण्याच्या घरापेक्षा फार मोठा आहे.

हवामानाचं गणितही वेगळं आहे. पंपातलं इन्सुलिन 37 अंशांच्या वर तापू देऊ नये, असं उत्पादक सांगतात. अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी सावलीतली हवाच त्याहून सात-आठ अंशांनी तापलेली असते. मडक्यात बाटली ठेवता येते, पंप कमरेला असतो. घामाने सेन्सरची चिकटपट्टी सुटते. जेवणाचंही तसंच. परदेशी तक्त्यांत पावाच्या तुकड्याला ठरलेला आकडा आहे. आपल्याकडे एका घरची भाकरी तळहाताएवढी आणि दुसऱ्या घरची तव्याएवढी. पोळ्याच्या पुरणपोळीत पुरण किती, शेतातल्या पानग्यांच्या जेवणात मुलाने वरणात किती कुस्करले, हे आईने नजरेने मोजायचं असतं. हे मोजमाप शिकवायला वेळ देणारं माणूस लागतं. ते यंत्रासोबत येत नाही.

इतर ठिकाणी हे कसं सुटलं? इंग्लंडने डिसेंबर 2023 मध्ये ही प्रणाली सरकारी आरोग्यसेवेत शिफारस केली आणि 2024 पासून टप्प्याटप्प्याने, मुलांना अग्रक्रम देत, पाच वर्षांत द्यायला घेतली. आपल्याच देशात केरळ सरकारची ‘मिट्टायी’ योजना 2018 पासून टाइप वन मुलांना इन्सुलिन, सेन्सर आणि निवडक मुलांना पंप देते. पश्चिम बंगालने यंत्रांच्या मागे न लागता कोलकात्याच्या एसएसकेएम रुग्णालयाला मध्यवर्ती ठेवून जिल्हा रुग्णालयांतल्या असंसर्गजन्य आजारांच्या दवाखान्यांत मुलांना इन्सुलिन आणि पट्ट्या मोफत द्यायला, डॉक्टर-परिचारिकांना प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. 2021 च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार वीस वर्षांखालची सर्वाधिक टाइप वन मुलं भारतात आहेत, सुमारे 2 लाख 29 हजार. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 2022 मध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. पण सरकारच्या मधुमेह तपासणी मोहिमेत मोजणी सुरू होते तिसाव्या वर्षापासून. दर्यापूरच्या नऊ वर्षांच्या मुलीला त्या मोजणीत जागाच नाही.

मी वऱ्हाडासाठी बंगालची वाट धरावी या मताचा आहे, केरळची नंतर. पाया इथे आहे. अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2002 पासून आहे, अमरावतीत पंजाबराव देशमुखांच्या नावाचं महाविद्यालय 1984 पासून आणि शासकीय महाविद्यालय 2024 पासून. दोन्ही जिल्ह्यांत असंसर्गजन्य आजारांचे दवाखाने चालतात. तिथे आठवड्यातला एक दिवस मुलांचा ठरवावा, गावोगावच्या टाइप वन मुलांची यादी आशाताईंमार्फत व्हावी, दर मुलाला दिवसाला चार पट्ट्या आणि योग्य टोपीच्या सिरिंज मिळाव्यात. जिल्हा परिषदेच्या शाळेत एका शिक्षकाला साखर घसरल्याची खूण आणि ग्लुकोजचा डबा कुठे आहे हे ठाऊक असावं. केंद्रीय शिक्षण मंडळाने 2017 मध्ये अशा मुलांना परीक्षेत खाऊ जवळ ठेवायची मुभा दिली होती, तेवढीही गोष्ट खेड्यातल्या वर्गात पोचलेली नसते. त्यानंतर सेन्सर, आधी पाच वर्षांखालच्या मुलांना आणि ज्यांची साखर झोपेत घसरते त्यांना. त्यानंतर पंप. आणि तो देताना उन्हाळ्याच्या चार महिन्यांत काय करायचं, त्याचा कागद वऱ्हाडी बोलीत, चित्रांसह, अकोल्याच्याच डॉक्टरांनी लिहिलेला असावा.